प्राजक्ताचा देठ : चांदीवरील मीनाकामातील एका फसलेल्या कामाची तपासणी

पुण्यातील आमच्या दोन माणसांच्या कार्यशाळेकडे आलेली ही मागणी दिसायला साधी होती. एका कुटुंबातील आजींची पंचाहत्तरी होती आणि घरातील मुली, सुना व नाती अशा अकरा जणींना एकसारखी अकरा पदके द्यायची होती. माहेरच्या अंगणातील प्राजक्त हा आजींचा जिव्हाळ्याचा विषय असल्यामुळे पदकावर प्राजक्ताचे एक फूल हवे होते : पांढऱ्या पाकळ्या, केशरी देठ आणि मागे पानांचा गर्द हिरवा रंग. पदक गोल, २८ मिलिमीटर व्यासाचे, मागच्या बाजूला जिचे तिचे नाव कोरलेले, आणि धातू ‘९२५ची चांदी’, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. ही शेवटची अट ऑर्डर देणाऱ्या ताईंनी दोनदा सांगितली, कारण ९२५ म्हणजे खरी चांदी, असा बाजाराने सर्वांचा समज करून दिलेला आहे.

पदके मुदतीच्या चाळीस दिवस आधी तयार झाली, दिली गेली आणि नवव्या दिवशी त्यांतील तीन परत आली. एका पदकाच्या पाकळीचा टवका उडाला होता, दुसऱ्यावर केसासारखी बारीक भेग होती, तिसऱ्याची वरची कडी एका बाजूला कलली होती. त्याशिवाय सर्व अकरा पदकांबद्दल एक समान तक्रार होती, जी खरे तर आम्हाला देतानाच दिसायला हवी होती : देठ केशरी नव्हता, जळक्या साखरेच्या पाकासारखा तपकिरी होता, आणि पाकळ्यांच्या कडांना हिरवट झाक होती. “दादा, तुम्हाला रंगच भेसळीचा मिळालाय,” असे ताई म्हणाल्या. आम्हालाही तेच वाटले, किंबहुना तसे वाटून घेणे सोयीचे होते. सर्व दोषांना एकच कारण असेल आणि ते कारण रंगाच्या डबीत असेल, हा आमचा पहिला अंदाज होता. तपासाचे पहिले चार दिवस त्यात वाया गेले.

पुढचे समजण्यासाठी मीना म्हणजे काय, हे थोडक्यात सांगावे लागेल. हल्ली बाजारात मीना म्हणून विकले जाणारे पुष्कळसे काम हे राळेसारखा रंग भरून वाळवलेले असते; त्याला भट्टी लागत नाही आणि ते नखाने दाबले तरी कळते. खरा मीना म्हणजे काच. वाळू, क्षार आणि शिसे किंवा टाकणखार यांपासून केलेल्या काचेत धातूंची ऑक्साइडे मिसळून रंग आणतात : कोबाल्टने निळा, तांब्याने हिरवा, कथिलाने अपारदर्शक पांढरा, सोन्याने गुलाबी. ही काच खलून रव्यासारखी बारीक करतात, पाण्याने धुऊन तिचा गढूळपणा काढतात आणि धातूत कोरलेल्या खोलगट जागेत ओलीच भरतात. पूर्ण वाळल्यावर, साधारण ७५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या भट्टीत एक-दोन मिनिटे ठेवली की ती वितळून धातूला धरते. एका थरात रंगाची खोली येत नाही, म्हणून पातळ थर देत पुन्हापुन्हा भाजावे लागते. भट्टीच्या दारातून पाहताना पूड आधी साखरेसारखी खडबडीत दिसते, मग संत्र्याच्या सालीसारखी लवलवते आणि शेवटी पाण्यासारखी सपाट होते. मधले थर संत्र्याच्या सालीवर थांबवावेत आणि फक्त शेवटचा पूर्ण वितळू द्यावा, हा संयम हाताला यायला वर्षे लागतात.

पहिल्या खेपेत आम्ही काय केले, ते जसेच्या तसे नोंदवतो. ०.७ मिलिमीटर जाडीचा ९२५चा पत्रा घेतला. हुपरीत चांदीकाम शिकून आलेल्या एका कारागिराने त्यावर आम्ही दिलेल्या नकाशाप्रमाणे ०.३ मिलिमीटर खोल कोरीवकाम केले. वरची कडी नेहमीच्या झाळेने, म्हणजे वितळवून सांधा जोडणाऱ्या मिश्रधातूने, जोडली. मग पांढरा, हिरवा आणि पारदर्शक केशरी असे तिन्ही रंग एकाच वेळी आपापल्या जागी भरले, भट्टीच्या काट्यावर ७९० अंश ठेवून पाच भाजण्या दिल्या, घासून सपाट केले आणि शेवटी नावे कोरून घेतली. मागच्या बाजूला मीना दिला नाही, कारण तिथे नावे यायची होती. या चार ओळींतल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात एक चूक आहे, पण त्या वेळी आम्हाला त्यांतील एकही चूक वाटत नव्हती.

रंगाचा संशय फेडण्यासाठी त्याच डबीतील केशरी पूड आम्ही चार वेगवेगळ्या पट्ट्यांवर भाजली : ९२५ची चांदी, शुद्ध चांदी, तांबे आणि बिनरंगी मीन्याचा एक थर आधीच दिलेले तांबे. चौथ्या पट्टीवर रंग स्वच्छ केशरी आला. दोन्ही चांद्यांवर तो तपकिरी झाला, आणि शुद्ध चांदीवरही झाला, हे महत्त्वाचे. म्हणजे रंग निर्दोष होता आणि दोष चांदीतील भेसळीचाही नव्हता. तो खुद्द चांदीचा होता. तापलेल्या काचेत चांदी थोडीथोडी विरघळते आणि काचेला पिवळा डाग देते. युरोपातील चर्चच्या खिडक्यांवर चौदाव्या शतकापासून सोनेरी पिवळा रंग चढवला जातो तो याच गुणामुळे. निळ्या किंवा हिरव्या काचेखाली हा पिवळेपणा झाकला जातो किंवा शोभूनही दिसतो. लाल, गुलाबी आणि केशरी रंगांत मिसळला की मात्र तो तपकिरी होतो.

हे नव्याने शोधण्याची गरज नव्हती, कारण जुन्या कामांत ते डोळ्यांसमोर मांडलेले आहे. आमेरचा राजा मानसिंह (कारकीर्द १५८९ ते १६१४) याने लाहोरहून कारागीर आणून जयपूरच्या मीनाकारीचा पाया घातला, असे परंपरा सांगते. त्या घराण्यातील माणकासारखा पारदर्शक लाल जगभर नावाजला गेला, पण ते काम मुख्यतः सोन्यावरचे आहे. कांगडा, मुलतान आणि लखनौ येथील चांदीवरचे जुने मीनाकाम पाहिले तर त्यात निळ्या-हिरव्याचे राज्य असते आणि लाल अगदी जपून येतो. ती केवळ आवड नव्हती. चांदीने घातलेली मर्यादा होती. बनारसच्या गुलाबी मीन्याने तीच मर्यादा वेगळ्या वाटेने ओलांडली : आधी अपारदर्शक पांढरा थर भाजायचा आणि त्यावर गुलाबी रंगवायचा, म्हणजे गुलाबी चांदीला शिवतच नाही. आम्ही चांदीच्या पदकावर केशरी देठ काढायला बसलो तेव्हा ही सगळी माहिती आम्हाला होती. माहिती असणे आणि हातातल्या कामाशी तिचा संबंध लावणे यांत जे अंतर असते, ते या प्रकरणात आम्हाला अकरा पदकांना पडले.

तपकिरीपणा वाढवणारी दुसरी गोष्ट म्हणजे भाजण्यांचा क्रम. जयपूरचे कारागीर सर्वांत चिवट रंग आधी भाजतात आणि सर्वांत नाजूक शेवटी : पांढरा पहिला, मग निळा, हिरवा, काळा, आणि लाल अखेरीस. आम्ही तिन्ही रंग एकदम भरल्यामुळे केशरीला पाचही भाजण्या सोसाव्या लागल्या, जेव्हा त्याला दोन पुरल्या असत्या.

पाकळ्यांच्या हिरवट कडांचे कारण मात्र वेगळे निघाले. ९२५च्या चांदीत ७.५ टक्के तांबे असते. तापवल्यावर ते पृष्ठभागाशी ऑक्सिजनशी संयोग पावते आणि वरच्या पांढऱ्या काचेत उतरून तिला हिरवट करते. यावर ठाऊक असलेला उपाय आम्ही केलाही होता : पत्रा तीन वेळा तापवून आम्लात टाकला, म्हणजे वरचे तांबे निघून जाते आणि पृष्ठभागावर शुद्ध चांदीचा पातळ पापुद्रा राहतो. पण हे आम्ही कोरण्याआधी केले. कोरणाऱ्याच्या सळईने नेमका तोच पापुद्रा खरवडून काढला आणि ज्या खोलगट जागेत मीना बसायचा होता तिथे कच्चा मिश्रधातू उघडा पडला. न कोरलेल्या सपाट भागावर पापुद्रा शाबूत होता, जिथे त्याचा काहीच उपयोग नव्हता. कारागिराला आम्ही जे सांगितले ते त्याने चोख केले होते. सांगण्याचा क्रम आमचा होता.

कललेल्या कडीने आम्हाला भट्टीकडे वळवले. सामान्य झाळ मीन्याच्या उष्णतेला पुरी पडत नाही, हे खरे; पण त्याच पदकाची भट्टीच्या मागच्या तारेकडील कड किंचित ओघळल्यासारखी दिसत होती आणि ७९० अंशांना तसे व्हायला नको होते. ९२५ची चांदी ८०२ अंशांच्या आसपास मऊ पडून वितळू लागते. तेव्हा काट्यावर विश्वास ठेवावा की नाही हे पाहण्यासाठी चिनी मातीच्या झाकणाच्या छोट्या वाटीत शुद्ध मिठाचे चार कण ठेवले. शुद्ध मीठ ८०१ अंशांना वितळते. तापमान दोन-दोन अंशांनी वाढवत, प्रत्येक टप्प्यावर दहा मिनिटे थांबत गेलो, तर काट्यावर ७६८ दिसत असतानाच मिठाचे पाणी झाले होते. काटा ३३ अंशांनी मागे होता. आमचे ७९० म्हणजे प्रत्यक्षात ८२० च्या पुढे. पदके जेमतेम सव्वा मिनिट आत राहत होती म्हणूनच ती वाचली. (हा प्रयोग भट्टीत उघड्यावर करू नये. मिठाच्या वाफेने तारा खराब होतात आणि उरलेल्या कामावर धूसर थर बसतो.)

आता उरली भेग आणि उडालेला टवका. ताईंना आणि आम्हालाही वाटत होते की ती पदके कोणाच्या तरी हातून पडली असावीत. तसे विचारूनही झाले आणि त्यामुळे थोडा विनाकारण अवघडलेपणा आला. पदके पडली नव्हती. भिंगाखाली पाहिल्यावर भेग पुढच्या बाजूला ज्या रेषेत होती, त्याच रेषेच्या बरोबर मागे नावातील एका अक्षराची काना-वेलांटी खोल कोरलेली दिसली. टवक्याच्या मागेही तसेच होते.

चांदी आणि काच दोन्ही तापल्यावर प्रसरण पावतात, पण सारख्या प्रमाणात नाही. चांदी प्रत्येक अंशाला दशलक्षांश १९ भाग या मापाने वाढते, तर मीन्याची काच साधारण त्याच्या निम्म्या-पाऊणपट. भट्टीतून काढल्यावर ५०० अंशांच्या सुमारास काच घट्ट होते आणि तेथून पुढे दोघी एकमेकींना चिकटलेल्या अवस्थेत आक्रसतात. २८ मिलिमीटरच्या पदकात हा फरक ०.१ मिलिमीटरच्या आसपास जातो. चांदी अधिक आक्रसू पाहते आणि काचेला दाबून धरते. दाब काच सहज सोसते, ताण सोसत नाही. मागे मीना नसेल तर मात्र पत्रा एकाच बाजूने ओढला जातो आणि मीन्याची बाजू किंचित फुगीर होते, म्हणजे काचेच्या वरच्या पृष्ठभागावर ताण येतो. आमच्या पत्र्याची जाडी कोरलेल्या ठिकाणी ०.४ मिलिमीटरच उरली होती, त्यामुळे तो सहज वाकला. आम्ही ती फुगी पाहिली होती आणि ‘पदकाला छान घाट आला’ म्हणून खूशही झालो होतो. नंतर नाव कोरताना तेच पदक सपाट ठोकळ्यावर पालथे धरून दाबले गेले, वर सळईचा जोर पडला आणि आधीच ताणलेल्या काचेत डोळ्यांना न दिसणारी चीर गेली. ती उघड व्हायला नऊ दिवस लागले. मीन्यातील भेगा अशा उशिरा येतात, म्हणूनच काम भट्टीतून निघाल्याबरोबर ग्राहकाच्या हातात देणे चूक असते.

थोडक्यात, एका डबीवर घेतलेल्या संशयाच्या जागी आता धातू, कोरण्याचा क्रम, रंगांचा क्रम, काटा, पत्र्याची जाडी आणि नाव कोरण्याची वेळ अशी सहा कारणे उभी होती, आणि मुदतीला सव्वीस दिवस उरले होते.

दुरुस्ती शक्य नव्हती. टवका भरून पुन्हा भाजता येतो, पण तपकिरी देठाखालची चांदी बदलता येत नाही. सर्व पदके नव्याने करावी लागणार, हे ताईंना सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकले. अडचण आली ती धातूची. शुद्ध चांदी वापरायची म्हटल्यावर त्यांच्या सासूबाईंनी फोनवर विचारले, “म्हणजे ९२५ नाही? मग ती चांदी कसली?” ९२५ हा शुद्धतेचा कळस नसून हजारात ९२५ भाग चांदी एवढाच त्याचा अर्थ आहे आणि आम्ही ९९९ देऊ म्हणतो आहोत, हे समजावून सांगायला भट्टीच्या सगळ्या तपासाइतकाच वेळ गेला. शुद्ध चांदी मऊ असते ही त्यांची शंका मात्र रास्त होती. तिच्यासाठी पत्रा ०.७ ऐवजी १ मिलिमीटरचा घेतला, म्हणजे कोरल्यानंतरही तळाशी ०.७ मिलिमीटर उरतो. एका पदकामागे चांदी साडेचार ग्रॅमवरून साडेसहा ग्रॅमवर गेली. अकरा पदकांना बावीस ग्रॅम. पहिल्या खेपेत वाचवलेली चांदी एवढीच होती.

देठासाठी आम्ही तीन नमुने करून ताईंसमोर ठेवले. पहिल्यात चांदीवर बिनरंगी मीन्याचा थर आणि वर केशरी : तपकिरीपणा गेला, पण रंग मंद राहिला. दुसऱ्यात बनारसच्या पद्धतीने खाली पांढरा : रंग स्वच्छ, पण रंगीत खडूसारखा सपाट. तिसऱ्यात बिनरंगी मीन्यावर शुद्ध सोन्याचा पातळ पत्रा भाजून बसवला आणि त्यावर केशरी चढवला. सकाळच्या उन्हात प्राजक्ताचा देठ जसा आतून पेटल्यासारखा दिसतो, तसा तो दिसत होता. निवड करायला त्यांना क्षणही लागला नाही. मिठाईवरचा वरख यासाठी चालत नाही. तो इतका पातळ असतो की वितळत्या काचेत विरून जातो. मीनाकामाचा पत्रा त्याहून जाड असतो. तो दोन कागदांच्या मध्ये धरून कापतात आणि सुईने त्याला बारीक भोके पाडतात, म्हणजे खाली अडकलेली हवा बाहेर पडते.

नावांचा प्रश्न सर्वांत समाधानकारक रीतीने सुटला. नावे आधी कोरली आणि मागची बाजू बिनरंगी मीन्याने झाकली. दोन्ही बाजूंना काच आल्यामुळे पत्र्यावरची ओढ समतोल झाली, आणि अक्षरे पाण्याखाली असल्यासारखी स्वच्छ वाचता येऊ लागली. मीना चांदीवरच्या अक्षरांचे रक्षणही करतो, हा लाभ आम्ही योजलेला नव्हता. झाळ पूर्णपणे टाळली : पदकाच्या काठाला भोक पाडून त्यात किल्ल्यांच्या कडीसारखी दुहेरी वेढ्याची कडी ओवली.

दुसऱ्या खेपेसाठी तेरा पदके घेतली. पहिल्या भाजणीत मागचा बिनरंगी मीना आणि पुढे फक्त देठाच्या खाचेत बिनरंगी थर दिला. पदक फक्त काठावर टेकेल अशा पोलादी तिवईवर ठेवले. दुसऱ्या आणि तिसऱ्या भाजणीत पांढरा, दोन पातळ थरांत. चौथीत पानांचा हिरवा, ज्याच्या तळाशी बारीक तिरप्या रेघा कोरलेल्या होत्या. पारदर्शक रंगाखाली त्या रेघा उजेड परतवतात आणि पदक हातात फिरवले की पानावर लाट गेल्यासारखी दिसते. याच भाजणीत सोन्याचा पत्रा बसला. पाचवीत हिरव्याचा दुसरा आणि केशरीचा पहिला थर, सहावीत केशरीचा दुसरा. मग पाण्याखाली कुरुंदाच्या कांडीने घासून सगळे एका पातळीत आणले, काचेच्या तंतूंच्या ब्रशने खाचा स्वच्छ केल्या आणि सातव्या वेळी केवळ चकाकी परत येण्यापुरते आत ठेवले. प्रत्येक भाजणीत काट्यावरच्या आकड्यात ३३ मिळवायचे, हे खडूने भट्टीच्या दारावर लिहून ठेवले होते.

तेरापैकी एक पदक बाद झाले : सोन्याच्या पत्र्याखाली हवा राहून देठावर बुडबुडा फुटला, कारण त्या एका तुकड्याला भोके पाडायची राहिली होती. उरलेली बारा कापडावर पसरून कपाटात पंधरा दिवस ठेवली आणि दर तीन दिवसांनी दहापट भिंगाखाली पाहिली. एकातही भेग आढळली नाही. अकरा पदके कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी पोहोचली. दुसऱ्या खेपेची चांदी, सोने आणि मजुरी आम्ही सोसली. ताईंनी सोन्याच्या पत्र्याचे पैसे आग्रहाने दिले, कारण तो त्यांनी निवडला होता.

बारावे पदक नावाविना आमच्याकडे आहे. पहिल्या खेपेतील आठ पदके, म्हणजे परत आलेली तीन सोडून बाकीची, ताईंनी नंतर आणून दिली. त्यांतील सहा तापवून पाण्यात बुडवली, काच तडकून सुटली आणि चांदी मुशीत गेली. उरलेल्या दोन भट्टीशेजारी खिळ्याला टांगल्या आहेत. नवीन माणूस मीना शिकायला आला की त्याला आधी त्यांचे देठ दाखवतो आणि विचारतो, यात रंगाचा दोष कुठे आहे ते सांग.